दाग नसलेले घोडे

१५१९ साली हर्नान कोर्तेस क्यूबाहून मेक्सिकोकडे निघाला, तेव्हा त्याच्या ११ गलबतांवर मिळून १६ घोडे होते. मोहिमेतला बर्नाल दियास देल कास्तियो नावाचा शिपाई पुढे म्हातारपणी आठवणी लिहायला बसला आणि त्याने या घोड्यांची यादीच दिली. मध्ये चाळीसहून अधिक वर्षे गेली होती. तरीही कोणाचा घोडा गडद तांबूस, कोणाची घोडी करडी, कोणती दौडीला चांगली आणि कोणता घोडा लढाईच्या कामाचाच नव्हता, हे त्याला लख्ख आठवत होते. एका करड्या घोडीला तिच्या आखूड शेपटीवरूनच नाव पडले होते. एका घोडीला तर गलबतावरच शिंगरू झाले. इतिहासाचे विद्यार्थी हा उतारा सहसा घाईने ओलांडतात. मला मात्र अमेरिकेतल्या घोड्यांविषयीची ही फार मोलाची नोंद वाटते, कारण तिच्यात घोडे मोजलेले नाहीत, ओळखलेले आहेत.

आपल्याला ही पद्धत परकी वाटू नये. अकबराच्या लष्करात स्वाराचा ‘चेहरा’ लिहून घेत आणि घोड्याला ‘दाग’ देत. हजेरीला चांगला घोडा दाखवून लढाईला मरतुकडे तट्टू आणण्याची लबाडी चालू नये, हा त्यामागचा हेतू. ‘चेहरेपट्टी’ हा शब्द आपण अजून वापरतो. आपल्याकडे बारगिराचा घोडा सरकारी पागेचा आणि शिलेदाराचा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. म्हणजे कोणता घोडा कोणाचा, हे कोणालातरी नक्की सांगता यावे लागे. कुमाईत, अबलख, नुकरा, पंचकल्याणी हे आपले शब्द ऐकायला काव्यमय वाटतात, पण ते मुळात ओळख पटवण्याचे शब्द आहेत. भोवऱ्यांचेही तसेच. कपाळावरचा, मानेवरचा, छातीवरचा भोवरा पाहून शुभाशुभ ठरवणाऱ्यांनी नकळत एक पक्की खूण हेरून ठेवली होती, कारण घोड्याचे भोवरे जन्मभर बदलत नाहीत.

मस्टँग हा शब्द नेमका याच्या उलट टोकाचा. स्पॅनिश ‘मेस्तेन्यो’ म्हणजे भटके, कोणी हक्क न सांगितलेले जनावर. ‘मेस्ता’ ही कास्तियातल्या मेंढपाळांची बलाढ्य संघटना होती. बेवारस जनावरांशी तिचा संबंध येई, त्यावरून हा शब्द आला. १५९८ मध्ये हुआन दे ओन्यातेबरोबर घोडे आजच्या न्यू मेक्सिकोत पोहोचले. तिथून व्यापारात, लुटीत आणि सुटून-पळून ते उत्तरेकडे सरकले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या हाती होते, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पुरातत्त्वीय अभ्यासाने दाखवले. पुढे लष्कराची आणि शेतकऱ्यांची सोडलेली जनावरेही त्यांत मिसळली. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या प्रवाशांनी हे कळप पाहिले, तेव्हा बघणाऱ्याच्या दृष्टीने ते बिनचेहऱ्याचे झाले होते.

बिनचेहऱ्याच्या गर्दीतून दंतकथा कशी निघते, याचा उत्तम नमुना म्हणजे माळरानावरचा पांढरा अंडील घोडा. वॉशिंग्टन आयर्विंगने १८३२ च्या प्रवासात अशाच एका करड्या घोड्याची गोष्ट ऐकली. इतर घोडे भरधाव सुटले तरी हा नुसत्या चालीने त्यांना मागे टाकतो, अशी ती गोष्ट. जोसाया ग्रेगने १८४४ च्या आपल्या ग्रंथात याच घोड्याची हकीकत दिली आणि मोठी मार्मिक शंका नोंदवली. फासेपारधी तो उत्तरेच्या रॉकी पर्वतापाशी दिसल्याचे सांगतात, शिकारी आर्कान्सा नदीकाठी, आणि आणखी कोणी टेक्ससच्या सीमेवर. हे अंतर हजार मैलांहून अधिक! १८५१ मध्ये मेल्व्हिलने ‘मोबी डिक’मध्ये पांढऱ्या रंगाच्या गूढतेवर लिहिताना या घोड्याला साहित्यात कायमची जागा दिली.

ग्रेगच्या शंकेला घोड्यांच्या रंगशास्त्रातून आणखी बळ मिळते. आपण ज्याला पांढरा घोडा म्हणतो, तो बहुधा जन्मतः काळा किंवा तांबडा असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. ऐन उमेदीत तो करडा, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. दूध-पांढरा होईपर्यंत अंडील घोड्याची सत्तेची वर्षे बरीचशी सरत आलेली असतात. तेव्हा दोन-तीन दशके एकसारखा शुभ्र, अजिंक्य आणि तरुण राहणारा घोडा म्हणजे वेगवेगळ्या माणसांनी पाहिलेले अनेक घोडे, एवढाच अर्थ निघतो.

सगळेच लोक असे दुरून पाहत नव्हते. चित्रकार जॉर्ज कॅटलिन १८३४ मध्ये कोमांची प्रदेशात असताना सोबत्यासह झुडपांच्या आडोशाने कळपाजवळ सरपटत गेला आणि तिथे दबून त्याने चित्रे काढली. तरी तो पाहुणाच. खरी ओळख होती ती घोडे पकडणाऱ्यांची. त्यांची एक रीत अशी होती की कळपाला पळवायचे नाही, नुसते मागे चालत राहायचे. घोडा पळून पळून कुठे जाणार? आपला ठरलेला मुलूख सोडायला तो नाखूश असतो आणि फिरून त्याच पाणवठ्याकडे येतो. दिवसेंदिवस पाठ सोडली नाही की कळप थकतो आणि माणसाला सरावतो.

या कलेतला अवलिया म्हणजे टेक्ससचा बॉब लेमन्स. १८४८ च्या सुमारास गुलामगिरीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय माणूस एकटाच कळपामागे जाई. काम संपेपर्यंत तो कपडे बदलत नसे, स्वार होण्याचा घोडाही बदलत नसे, कारण घोड्यांना नवा वास येता कामा नये. हळूहळू कळप त्याला आपल्यातलाच मानू लागे आणि शेवटी त्याच्या मागून कोंडवाड्यात शिरे. जे. फ्रँक डोबी या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने त्याला म्हातारपणी गाठून हे टिपले आणि १९५२ च्या आपल्या ‘द मस्टँग्ज’ या ग्रंथात घातले. लेमन्सने वही लिहिली नाही. पण नराची जागा घ्यायची तर कळपात नर काय करतो, कोण त्याचे ऐकते आणि कोण ऐकत नाही, हे त्याला ठाऊक असणारच. डोबीने त्याला गाठले नसते तर हे ज्ञान त्याच्याबरोबर गेले असते. इतर किती जणांचे तसे गेले असेल!

विसाव्या शतकात गाड्या आणि विमाने आली आणि ओळखीची गरजच उरली नाही. कळप विमानाने हुसकायचे, ट्रकमध्ये भरायचे आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्याच्या कारखान्याला वजनावर विकायचे. १९५० मध्ये नेवाडात वेल्मा जॉन्स्टन ही सेक्रेटरीचे काम करणारी बाई कामावर निघाली असताना पुढच्या ट्रकमधून तिला रक्त गळताना दिसले. ती त्या ट्रकच्या मागे गेली आणि तिथून तिने आयुष्यभराची चळवळ उभारली. १९५९ मध्ये अशा पाठलागासाठी गाड्या-विमाने वापरण्यावर बंदी आली. १९६८ मध्ये मोंटाना आणि वायोमिंगच्या सीमेवरचा प्रायर पर्वत घोड्यांसाठी राखून ठेवला गेला. माझ्या विषयाचे दुसरे पर्व इथे सुरू होते.

१९७० मध्ये जेम्स फाइस्ट या संशोधकाने प्रायर पर्वतावर मुक्काम ठोकला. डेल मॅककुला यांच्यासह त्याने पुढे जे प्रसिद्ध केले, त्यातले एक वाक्य मला साऱ्या निष्कर्षांहून महत्त्वाचे वाटते: पाहिलेल्या २७० घोड्यांपैकी प्रत्येकाची स्वतंत्र ओळख पटवण्यात आली होती. ना दाग, ना पट्टा, ना दोरी. त्यात नर, माद्या आणि पिल्ले असे ४४ कुटुंबकळप निघाले आणि एक ते आठ नरांची २३ ब्रह्मचारी टोळकी.

हे काम किती चिवट आहे, याची थोडी कल्पना मला आहे. मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना वायोमिंगमधल्या कोडी गावाच्या पूर्वेला मॅककुला पीक्सच्या ओसाड टेकड्यांत मी दुर्बीण आणि वही घेऊन दोन दिवस काढले. हा कळप अबलख घोड्यांसाठी प्रसिद्ध. अबलख ओळखणे सोपे, कारण अंगावरचा नकाशा दोघांचा सारखा नसतो. अडचण कुमाइतांची. कपाळावर टिकला असलेले तीन कुमाईत नर एकाच पाणवठ्यावर आले, तर करायचे काय? पायांवरची पांढरी खूण बघावी तर पाय झुडपांत बुडालेले, किंवा घोडा नुकताच चिखलात लोळून उठलेला. हिवाळी लोकर चढली की अंगाचा रंगच पालटतो. मग उरते ती आयाळ कोणत्या बाजूला पडते, कानाचे टोक फाटले आहे का, मानेवर चाव्याचे वण कसे आहेत आणि कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली. निदान तीनशे फूट दूर राहायचे असल्याने हे सारे दुर्बिणीतूनच. आपल्या जुन्या अश्वपारख्यांना बोलावले असते तर त्यांनी भोवऱ्यापासूनच सुरुवात केली असती.

नर कोणता, हे कळायला मात्र रंग लागत नाही. मान जाड, आणि बहुधा तो कळपाच्या मागे किंवा जरा बाजूला. वाट दाखवायला पुष्कळदा एखादी जाणती घोडी पुढे असते. एखादी मादी रेंगाळली की नर मान जमिनीलगत लांबवतो, कान मागे पाडतो आणि सापासारखा डोके हलवत तिला हाकतो. दुसरा नर समोर आला की दोघे लिदीच्या ढिगापाशी भेटतात, हुंगतात, ओरडतात, आळीपाळीने तिथेच लीद टाकतात आणि बरेचदा चार पावले रुबाबात टाकून आपापल्या वाटेने जातात. सिनेमात दिसणारी मागच्या पायांवरची झुंज होते, पण भेटींच्या मानाने क्वचित.

संशोधकांनी कळपाला ‘हॅरम’ म्हटले. आपण ‘जनानखाना’ म्हणू. दोन्ही शब्द मालकी गृहीत धरतात आणि ती मालकी पुढच्या अभ्यासाने बरीच ढिली केली. ॲन बोलिंग आणि सहकाऱ्याने ग्रेट बेसिनमधल्या घोड्यांचे रक्त तपासून १९९० मध्ये दाखवले की जवळपास एकतृतीयांश शिंगरांचा बाप कळपाचा नर नव्हता. प्रायर पर्वतावर १९९५ मध्ये जन्मलेल्या ‘क्लाउड’ या फिकट सोनेरी घोड्याचे आयुष्य जिंजर कॅथरेन्स यांनी चित्रित केले. त्यात तर फिटंफाट झाली. माद्यांच्या पळवापळवीत क्लाउडने ‘शमन’ नावाच्या नराचा मुलगा वाढवला आणि शमनने क्लाउडचा. हे कळले ते केवळ प्रत्येक घोड्याची आणि घोडीची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली म्हणून. दंतकथेतला पांढरा घोडा एकटा आणि सर्वसत्ताधीश होता, कारण त्याच्या घोड्यांकडे कोणी पाहिलेच नव्हते.

या सगळ्याला आज व्यवहाराची धार आहे. १५ डिसेंबर १९७१ च्या संघराज्य कायद्याने सार्वजनिक जमिनीवरच्या या जनावरांना संरक्षण दिले. त्यात जंगली घोड्याची व्याख्याच ‘दाग नसलेला आणि कोणी हक्क न सांगितलेला’ अशी आहे. मेस्तेन्यो शब्द असा चारशे वर्षांनी कायद्यात परतला. मात्र संख्या वाढली. मार्च २०२४ मध्ये सरकारी अंदाजाने माळावर सुमारे ७३,५०० घोडे-गाढवे होती. माळाला सोसेल अशी सरकारने ठरवलेली मर्यादा २७ हजारांच्या आत आहे. म्हणून हेलिकॉप्टरने कळप गोळा होतात आणि ६० हजारांहून अधिक जनावरे सरकारी कोंडवाड्यांत आणि कुरणांत आहेत. दुसरा मार्ग माद्यांना संततिनियमनाच्या लसीची सुई दुरून मारण्याचा. पण त्यासाठी कोणत्या घोडीला केव्हा डोस दिला आणि पुन्हा केव्हा द्यायचा, हे माहीत हवे. म्हणजे पुन्हा चेहरेपट्टी. प्रायरसारख्या दोनेकशे घोड्यांच्या कळपात ती आहे. तिथे शिंगरांना जन्मवर्षाच्या अक्षरावरून नावे ठेवतात. नेवाडाच्या अफाट माळांवर ती बहुतेक ठिकाणी नाही, आणि तिथले घोडे विमानातून मोजले जातात. पैसा आणि माणसे या नोंदींवर आधी खर्च करायला हवीत, असे मला वाटते. हेलिकॉप्टरही काही फुकट उडत नाही.

पकडलेल्या घोड्याला दाग मिळतो तो डाव्या मानेवर. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेला धातूचा ठसा कातडीवर दाबतात, रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि तिथे पुढे पांढरे केस उगवतात. कोनांच्या सांकेतिक आकड्यांत जन्मसाल आणि नोंदणी क्रमांक लिहिलेला असतो. पांढऱ्या घोड्यावर पांढरे केस दिसणार नाहीत, म्हणून अशा रंगावर गोठणदाग द्यायचा तर ठसा जास्त वेळ दाबून धरतात. मग केसच उगवत नाहीत आणि अक्षरे उघड्या काळ्या कातडीत उमटतात.