खेळगाडीचा आस

गाडीचा इतिहास सांगताना आपण चाकाचे गुणगान करतो. मला आसाविषयी बोलावयाचे आहे. खजुरीच्या परिसरातील या ज्वारीच्या मुलखात मुले धाटांच्या गाड्या करीत आली. तिचे सारे मर्म आसात. काडी सरळ निवडावयाची, दोन्ही अंगांची भोके अगदी समोरासमोर पाडावयाची, चाकाबाहेर उरलेल्या टोकांत बाभळीचा काटा टोचावयाचा. एक भोक जवभर मागे सरले, की गाडी गोल फिरू लागते!

प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्यास चार कांस्यशिल्पे सापडली. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. त्यांतील बैलजोडीचा रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी अनेक जण ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. रथाची वाखाणणी पुष्कळ झाली. मला हत्ती अधिक बोलका वाटतो. त्याच्या बैठकीखाली आस ओवण्यासाठी वेज पाडलेले चार कान आहेत. आस नाहीत, चाकेही नाहीत.

मातीच्या खेळगाड्यांचेही असेच. हडप्पा संस्कृतीच्या स्थळी भाजलेली चाके मुबलक मिळतात, त्यांपैकी कित्येकांना चाक डगमगू नये असा फुगीर तुंबाही असतो. लाकडी आस मात्र कुजून गेला. त्याची जाडी आता चाकाच्या भोकावरूनच ताडावी लागते. दायमाबादचा गेंडा त्या मानाने सुदैवी. त्याच्या पायांखालच्या दोन आडव्या दांड्यांना आस जोडलेले आहेत, आणि त्यांवर भरीव चाकेही आहेत.