हरण्या रोग आणि आरएनए

हरण्या हा केळीवरचा विषाणुजन्य रोग आहे. त्याचे कारण कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातला सीएमव्ही. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल आणि मुक्ताईनगर या केळीपट्ट्यात पावसाळी ढगाळ हवामानात मृगबागेच्या कोवळ्या रोपांवर तो उठतो. पानांवर शिरांच्या दिशेने पिवळे पट्टे पडतात, पाने आकसतात, पोंगा सडतो आणि ठोंब खुजा राहतो. बाधा लवकर झाली तर घडाची आशा उरत नाही. अशा वेळी फवारणीचे औषध हमखास विचारले जाते आणि असे औषध नाही, हेच उत्तर मिळते. त्याचे कारण कळण्यासाठी झाडाच्या पेशीत आरएनए कसा घडतो आणि कसा वाचला जातो, हे पाहावे लागते.

केळीच्या पेशीत जनुके डीएनएच्या रूपात केंद्रकात असतात. प्रथिन हवे असेल तेव्हा त्या जनुकाची आरएनए प्रत काढली जाते. ही प्रत कच्ची असते. तिच्या आरंभी एक रासायनिक टोपी बसते, मधले निरुपयोगी तुकडे (इंट्रॉन) कापून उरलेले सांधले जातात आणि शेवटी अॅडेनिनची लांब शेपटी लागते. जनुके अशी तुकड्यांत विभागलेली असतात, हे १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. तयार झालेला संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर येतो. रायबोसोम टोपीच्या बाजूने त्यावर चढतो, सामान्यतः पहिल्या आरंभखुणेपासून वाचू लागतो आणि दर तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल साखळीत जोडतो.

सीएमव्हीने यातला अर्धा रस्ता गाळून टाकला आहे. त्याच्याकडे डीएनए नाहीच. त्याची जनुके आरएनएच्या तीन तुकड्यांवर असतात आणि तेच तुकडे थेट संदेशवाहक म्हणून वाचले जातात. आरंभी टोपी असते; ती बसवण्याचे काम पहिल्या तुकड्यावरून बनणारे विषाणूचे स्वतःचे प्रथिन करते. शेवटी अॅडेनिनची शेपटी नसून ट्रान्सफर आरएनएसारखी घडी असते. ही घडी इतकी हुबेहूब असते, की पेशीची विकरे तिला टायरोसिन हे अमिनो आम्लही चिकटवतात. एक अडचण मात्र विषाणूलाही सोडवावी लागते. तिसऱ्या तुकड्यावर दोन जनुके आहेत: आधी पेशीतून पेशीत सरकण्याचे प्रथिन, मग आवरणाचे प्रथिन. रायबोसोम पहिलेच वाचून थांबतो. त्यामुळे विषाणूचे पॉलिमरेज त्या तुकड्याच्या उलट प्रतीवरून केवळ आवरणजनुकाची एक छोटी वेगळी प्रत काढते. तिलाही टोपी असल्याने रायबोसोम ती निमूट वाचतो. प्रत्येक विषाणुकणाला अशी १८० आवरणप्रथिने लागतात आणि ती सगळी केळीच्या रायबोसोमवर, केळीच्या अमिनो आम्लांतून घडतात. रायबोसोम संदेशाचे मूळ तपासत नाही, त्याची घडण पाहतो. म्हणून वाचनच बंद पाडणारे रसायन विषाणूबरोबर झाडालाही मारेल.

यावर आक्षेप येईल, की माणसाच्या विषाणूंवर औषधे निघालीच ना? ती बहुधा विषाणूच्या स्वतःच्या विकरांवर घाव घालतात आणि सीएमव्हीचे पॉलिमरेजही त्याचे स्वतःचेच आहे. आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. रायबाव्हिरिनसारखे द्रव्य प्रयोगशाळेत, ऊतीसंवर्धनाच्या माध्यमात, रोपे विषाणुमुक्त करण्यासाठी वापरलेही जाते. पण बाटलीतल्या रोपाला जमते ते हजारो खोडांच्या उभ्या बागेत व्यवहार्य ठरलेले नाही. दुसरे म्हणणे असे, की मावा मारला की रोग थांबेल. मावा आटोक्यात ठेवल्याने प्रसार काहीसा मंदावतो, यात शंका नाही. तथापि हा विषाणू माव्याच्या सोंडेला काही सेकंदांत चिकटतो आणि पुढच्या झाडात तितक्याच झटपट उतरतो. कीटकनाशकाचा परिणाम होण्याआधी लागण झालेली असते. त्यातच खानदेशात केळीशेजारी कपाशी असते आणि कपाशीवरचा मावा याच विषाणूचा वाहक आहे. काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो आणि बांधावरचे तण यांतही विषाणू तग धरतो.

तिसरा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. ऊन तापले की लक्षणे फिकी पडतात, मग झाड आपोआप बरे होत नाही का? झाडाकडे खरोखरच एक प्रतिकार असतो. विषाणूचा आरएनए दुपदरी होतो तेव्हा पेशी तो ओळखून त्याचे बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या खुणेने उरलेला आरएनए कापते. अशा आरएनए हस्तक्षेपाच्या शोधाबद्दल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चे नोबेल मिळाले. वनस्पतींमध्ये ही यंत्रणा थंडीपेक्षा उबेत जोमाने चालते. पण सीएमव्हीकडे तिला रोखणारे टू-बी नावाचे प्रथिन आहे. त्यामुळे लक्षणे झाकली गेली तरी विषाणू झाडात उरतो आणि त्याच झाडाचे मुनवे लावले तर पुढच्या बागेत पोचतो.

म्हणून बाधित झाड दिसताच कंदासह उपटून नष्ट करणे, बागेभोवतीचे तण काढणे आणि आंतरपीक म्हणून काकडीवर्गीय पिके, मिरची किंवा टोमॅटो न घेणे हेच उपाय उरतात. ऊतीसंवर्धित रोप आहे एवढ्यावर विसंबणेही चुकीचे आहे. मातृझाडात विषाणू असेल तर प्रत्येक रोपात तो उतरू शकतो. तो शोधण्याच्या आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या आरएनएची आधी डीएनए प्रत काढून ती वाढवली जाते. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाची ऊतीसंवर्धित रोपांची राष्ट्रीय प्रमाणन योजना २००६ पासून याच कामासाठी आहे. मृगबागेची रोपे नोंदवताना शेतकऱ्याने रोपवाटिकेकडे विषाणू-चाचणीचा दाखला आवर्जून मागावा.