मुलांच्या मधुमेहातील दाह आणि रक्तातल्या खुणा

मुलाचा ताप आठवडाभर उतरला नाही की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. प्रयोगशाळेतून येणाऱ्या कागदावर पांढऱ्या पेशींची संख्या, ईएसआर आणि सीआरपी असे आकडे असतात. शरीरात कोठेतरी दाह चालू आहे काय, एवढेच हे आकडे सांगतात. कोठे, ते सांगत नाहीत. आता लहान मुलांत प्रामुख्याने आढळणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह घेऊ. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. हे काम महिनोन् महिने, पुष्कळदा वर्षानुवर्षे चालते. मग ते त्या कागदावर उमटायला नको का? बहुधा उमटत नाही. असा दाह शेवटी रक्तातून ओळखला कसा गेला, याची हकीकत आम्हांला सांगण्याजोगी वाटते.

स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे पुंजके १८६९ मध्ये पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने प्रथम पाहिले. त्यांना आज आपण लँगरहान्सची बेटे म्हणतो. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. पुढे ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन मिळाले. ते फारसे लागू पडले नाही. कॉलिपने शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिल्यावर मात्र साखर उतरली. हा भाग पाठ्यपुस्तकांत असतो, म्हणून आम्ही तो येथेच सोडतो.

पाठ्यपुस्तकांत सहसा नसते ते असे. इन्सुलिनमुळे मुले जगू लागली, आणि त्यामुळेच रोगाचे कारण शोधणे अवघड झाले. मूल आजाराच्या सुरुवातीलाच दगावले तरच त्या काळातले स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली येणार. वीस वर्षे इन्सुलिन घेऊन मग मरण पावलेल्या माणसाच्या बेटांत पाहावे तर बीटा पेशीही नाहीत आणि दाहही नाही. जळायचे ते जळून गेल्यावर आग कोठून दिसणार? १९४० मध्ये झुरिकच्या फॉन मायेनबुर्ग यांनी बेटांतील या दाहाला ‘इन्सुलायटिस’ असे नाव दिले, पण तो एक दुर्मिळ प्रकार आहे असेच बहुतेकांना वाटत राहिले.

हा समज ब्रसेल्सचे विकृतिशास्त्रज्ञ विली गेप्ट्स यांनी १९६५ मध्ये मोडला. त्यांनी निरनिराळ्या रुग्णालयांतून स्वादुपिंडाचे जपून ठेवलेले नमुने मिळवले. आजार सुरू झाल्यावर लवकरच मरण पावलेल्या २२ तरुण रुग्णांपैकी १५ जणांच्या बेटांत त्यांना पांढऱ्या पेशींचा वेढा दिसला. बीटा पेशी नेहमीच्या दहा टक्क्यांहूनही कमी उरल्या होत्या. या संशोधनाला नवे यंत्र लागले नाही, चिकाटी लागली. आमच्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत कमी गाजलेले आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

पण हा पुरावा मृत शरीरांतला होता. जिवंत मुलाच्या स्वादुपिंडाचा तुकडा काढणे धोक्याचे असते. (नॉर्वेत फार पुढे, २०१० नंतर, सहा प्रौढ रुग्णांत असा प्रयोग झाला, आणि गुंतागुंत उद्भवल्याने तो थांबवावा लागला.) म्हणून रक्तात खूण शोधणे भाग होते.

सीआरपी ही खूण तेव्हा हाताशी होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ती १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडली. हे प्रथिन यकृतात बनते, आणि दाहाच्या जागेहून सुटलेले रासायनिक निरोप यकृताला पोचले की ते झपाट्याने वाढते. आता हिशोब करून पाहा. प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडात सुमारे दहा लाख बेटे असतात, पण ती सगळी एकत्र केली तरी वजन एक-दोन ग्रॅमच भरते. मुलांत त्याहूनही कमी. त्यातही एका वेळी काहीच बेटांत दाह असतो. न्यूमोनियात फुप्फुसाचा मोठा भाग पेटतो. येथे मात्र गावातल्या एका चुलीचा धूर तालुक्याच्या ठिकाणाहून शोधायचा आहे.

वाट सापडली ती दुसरीकडून. शरीर स्वतःवर हल्ला करत नाही, असे पाउल एर्लिख यांच्या प्रभावाने अर्धशतक मानले जात होते. १९५६ मध्ये लंडनला रॉइट आणि डेबोरा डोनियाक यांनी हाशिमोटो या गलग्रंथीच्या विकारात त्या ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णांच्याच रक्तात दाखवली. डोनियाकबाईंच्या प्रयोगशाळेत पुढे जान फ्रांको बोटाझ्झो हा इटालियन डॉक्टर आला. त्याची पद्धत वर्गात सांगता येईल इतकी सरळ आहे. मानवी स्वादुपिंडाचा गोठवलेला पातळ काप घ्यायचा. त्यावर रुग्णाच्या रक्तातील द्रव ओतायचा. बेटांविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर ती तेथे चिकटतील. मग काप धुऊन, मानवी प्रतिपिंडांनाच पकडणारा एक चकाकता रंग घालायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बेटे हिरवी उजळली की उत्तर ‘आहे’. स्वादुपिंड घ्यायचे ते ओ गटाच्या दात्याचे, नाहीतर रुग्णाच्या रक्तातील ए आणि बी गटांविरुद्धची प्रतिपिंडे उगाच चिकटून फसवतात.

१९७४ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले, त्याच वर्षी एडिंबरोच्या गटानेही तेच दाखवले. प्रथम तपासलेल्या रुग्णांना मधुमेहाबरोबर इतर ग्रंथींचेही असेच विकार होते, आणि अशांच्या रक्तात ही प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकतात. नुसता मधुमेह असलेल्या मुलांत ती सुरुवातीला असतात आणि काही वर्षांत ओसरतात. जुन्या रुग्णांत शोधणाऱ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नसे.

त्यानंतरचा धक्का मोठा होता. मधुमेही मुलांच्या निरोगी भावंडांचे रक्त वर्षानुवर्षे तपासले, तेव्हा काहींत ही प्रतिपिंडे मधुमेहाच्या कितीतरी आधीपासून आढळली. चार दिवसांत उद्भवला असे वाटणारा आजार वर्षे मुरत होता. १९८६ मध्ये बोस्टनच्या जॉर्ज आयझेनबार्थ यांनी ही संथ वाटचाल एका आलेखात मांडली, आणि तो आलेख पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

त्याच वर्षी डॅनिश संशोधकांनी, इंटरल्युकिन-१ हा दाहाचा निरोप्या परीक्षानळीत बेटांतील पेशींना मारतो, असे दाखवले. मग असे निरोपे थेट मुलांच्या रक्तात मोजावेत, ही कल्पना साहजिकच पुढे आली. मधुमेही मुलांच्या गटाची सरासरी अनेकदा निरोगी मुलांपेक्षा वर निघे. पण एका मुलाचा आकडा पाहून काही ठरवता येत नसे. सर्दी, लठ्ठपणा, वाढलेली साखर, सगळेच हे आकडे हलवतात. इन्सुलिनच्या अभावी रक्त आम्लधर्मी होते त्या गंभीर अवस्थेत तर जंतुसंसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशी भराभर वाढतात. येथे दाहाच्या खुणा कारण नसून परिणाम असू शकतात. शिक्षकमित्रांनी एवढे लक्षात ठेवावे, की या अवस्थेला पोचण्याआधी मूल सारखे पाणी पिते, तासाला लघवीची परवानगी मागते, वाळत जाते. तेव्हा बोटातल्या थेंबभर रक्ताची साखरेची तपासणी पुरते. पुढे इंटरल्युकिन-१ ला अडवणारी औषधे नव्या रुग्णांना देऊन पाहिली. २०१३ मध्ये निकाल आला, तो नकारार्थी होता.

प्रतिपिंडे तरी पेशी मारतात का? बहुधा नाही, ते काम मुख्यतः टी पेशींचे. आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळात उतरतात, पण त्यामुळे बाळाला मधुमेह होत नाही. २००१ मध्ये तर जन्मतः प्रतिपिंडे बनवता न येणाऱ्या एका रुग्णालाही हा मधुमेह झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणजे सर्वांत भरवशाची खूण ही गुन्हेगार नसून गुन्ह्याच्या जागी सापडणारी पावले आहेत.

या पावलांचे मोल २०१३ मध्ये आकड्यांत कळले. फिनलंड, जर्मनी आणि कोलोरॅडो येथील १३,३७७ मुलांच्या पाहणीत, दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे असलेली मुले ५८५ निघाली. त्यांतील सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह झाला, पंधरा वर्षांत ८४ टक्क्यांना. एकच प्रकार असलेल्यांत दहा वर्षांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. २०१९ मध्ये टेप्लिझुमाब या टी पेशींवरील औषधाने अशा धोक्यातल्या ७६ जणांच्या चाचणीत मधुमेह सुमारे दोन वर्षे लांबवला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०२३ मध्ये इटलीने सर्व मुलांच्या अशा तपासणीचा कायदा केला. तपासणीत दोन प्रतिपिंडे सापडलेल्या मुलाची साखर त्या दिवशी नेहमीसारखी असू शकते आणि सीआरपीही. ते शाळेत जाते, खेळते. आईवडिलांना मात्र कळलेले असते. आपले मूल त्या ८४ टक्क्यांतले की उरलेल्या सोळांतले, हे अजून कोणतीही खूण सांगत नाही.