पराटीच्या वावरातलं जुनं विष

मानोरा तालुक्यातल्या आमच्या वावरात बीएचसी या कीटकनाशकाची पावडर पोत्याने यायची. दहा टक्क्यांची. वडील ती मलमलच्या फडक्यात बांधून सकाळच्या दवात पराटीवर झटकत. वास आठ-आठ दिवस कपड्यांतून जात नसे. तुरीवर तीच, हुमणीसाठी जमिनीत तीच.

देशातला तिचा पहिला कारखाना 1952 मध्ये कलकत्त्याजवळ रिश्र्याला निघाला. पावडर स्वस्त, म्हणून चार दशकं तिचंच राज्य चाललं. 1 एप्रिल 1997 ला बंदी आली. अकोल्यातून आमचा वाशीम वेगळा जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. म्हणजे जिल्हा जन्मला तेव्हा पावडर कायद्याने संपलेली होती. जमिनीच्या लेखी मात्र ती संपत नसते.

त्या पावडरीत कीड मारणारा घटक एकच, गॅमा, आणि तो मूळ रसायनात जेमतेम 10 ते 15 टक्के. उरलेला अल्फा, बीटा, डेल्टा हा बहुतेक भाग कास्तकाराच्या काही कामाचा नव्हता. तरी त्याचे पैसे त्याने मोजले आणि आपल्याच हाताने तो काळ्या मातीत पेरला. याचा मला आजही राग येतो. त्यातला बीटा सगळ्यांत चिवट. तो वर्षानुवर्षं मातीत राहतो, चाऱ्यावाटे जनावराच्या चरबीत आणि दुधात उतरतो.

पण मातीनेही यावर उपाय काढला होता, आणि तो विष वारंवार पडलं तिथेच सापडला. शास्त्रज्ञ एन. सेतुनाथन यांनी फिलिपिन्समध्ये डायझिनॉन मारलेल्या भातखाचरातून ते विष फोडणारा जीवाणू मिळवला. तो शोधनिबंध 1973 चा. पुढे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत त्यांच्याच गटाने 1990 मध्ये, बीएचसी दिलेल्या उसाच्या मुळांलगतच्या मातीतून, बीएचसी खाणारा जीवाणू वेगळा केला. दिल्ली विद्यापीठात रूप लाल यांनी त्यावर पुढे काम केलं. आज तो स्फिंगोबियम इंडिकम बी90ए म्हणून ओळखला जातो. त्याचं एक विकर, लिनए, बीएचसीच्या रेणूतला क्लोरीन हायड्रोजनसकट काढतं. दुसरं, लिनबी, क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल बसवतं. क्लोरीन निघाला की उरलेला कार्बन जीवाणूचं अन्न होतो. बीटाला लिनए हात लावत नाही; तो लिनबीच्या वाट्याला येतो आणि काम रेंगाळतं. हा जीवाणू मातीत सोडायला दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भुगा चांगला वाहक ठरला. तो भुगा आपल्याकडे कुठेही मिळेल.

बीएचसी गेली, पण फवारणी थांबली नाही. एन्डोसल्फान 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळात फवारणी करणारी माणसं विषबाधेने दगावली, तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस होतं. आणि पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने 2013 मध्ये नेमकं प्रोफेनोफॉस फोडणारे बॅसिलस सबटिलिस दाखवून दिले, तेही द्राक्षवेलींवरूनच घेतलेले.

द्राक्षाला जे मिळालं ते पराटीला का मिळू नये? द्राक्ष परदेशी जातं, तिथे अवशेष मोजले जातात, म्हणून त्याच्यामागे प्रयोगशाळा उभी राहते. आमच्या वावरात राबणाऱ्या बाईच्या आणि पंप वाहणाऱ्या गड्याच्या अंगावरचं विष कोणत्या बंदरात मोजणार? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कारंजा-मानोऱ्यातली पिढ्यान् पिढ्या पराटीखाली असलेली वावरं निवडावी, धुऱ्याची नव्हे तर मुळांलगतची माती उचलावी, आधी बीटाचा अंश मोजावा आणि मग त्याच मातीत तो खाणारा शोधावा.