घरातील यंत्रे आणि त्यांची कुलपे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत तो पुरता पन्नास वर्षांचाही नाही. त्यात किल्ला नाही. दरवाजे मात्र पुष्कळ आहेत आणि ते बहुतेक उघडेच राहिलेले आहेत. भिंतीवरचा कॅमेरा, इंटरनेट घरात आणणारा राउटर, मोबाइलवरून उघडणारे दाराचे कुलूप, ही यंत्रे आता तुमच्याआमच्या घरात आली आहेत. प्रत्येकाच्या पोटात एक लहानसा संगणक असतो आणि तो साऱ्या जगाशी जोडलेला असतो. या यंत्रांत चोर कसे शिरले, आणि शिरल्यावर दोष कोणाच्या माथी मारला गेला, एवढाच आमचा विषय आहे.

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोक पासवर्ड कसे निवडतात हे पाहण्यासाठी त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा केले होते. त्यांपैकी शेकडा ८६ इतके तोकडे किंवा इतके ओळखीचे निघाले की यंत्राने थोडा वेळ अंदाज बांधीत बसावे आणि कुलूप उघडावे. पुढे ९ वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, याच मॉरिसांच्या मुलाने, जो तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता, आपण होऊन पसरत जाणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडून दिला. टपाल पोचविणाऱ्या सेंडमेल या प्रोग्राममध्ये तपासणीसाठी ठेवलेली एक खिडकी उघडीच राहिली होती. तीतून तो शिरे. ते न साधले तर ४३२ शब्दांची एक यादी पासवर्ड म्हणून लावून पाही. सुमारे ६,००० संगणक त्याने अडकविले असा त्या वेळचा अंदाज होता. बापाने रोगाचे निदान करावे आणि मुलाने साथ पसरवावी, असा हा प्रकार! न्यायालयाने मुलाला तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले, ४०० तास समाजसेवा आणि दंड सांगितला. तेव्हा इंटरनेट म्हणजे विद्यापीठे आणि सरकारी प्रयोगशाळा. घरातल्या माणसाला याची झळ लागली नाही.

ती लागली २०१६ साली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'मिराई' नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर हिंडू लागला. त्याची रीत अगदी गावठी होती. रस्त्याने जाताना प्रत्येक दाराची कडी हालवून पाहावी, तसा तो समोर येईल त्या यंत्राचे दार ठोठावी आणि सुमारे ६० ठरलेली नावे व पासवर्ड आळीपाळीने लावून पाही. त्यांत 'अ‍ॅडमिन' या नावाला 'अ‍ॅडमिन' हाच पासवर्ड होता, '१२३४५' होता, '८८८८८८' होता. हे शब्द वापरणाऱ्यांनी निवडलेले नव्हते, ते कारखान्यातूनच बसवून आले होते. पहिल्या २० तासांत सुमारे ६५,००० यंत्रे त्याच्या ताब्यात गेली आणि पुढे हा आकडा ६ लाखांवर पोचला. त्यांत घरगुती कॅमेरे, त्यांचे चित्रण साठविणाऱ्या पेट्या आणि राउटर यांचा भरणा होता. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले म्हणजे मिराई पुसला जाई, परंतु काही मिनिटांतच तो परत येऊन बसे, कारण कडी तीच होती.

या अंकित यंत्रांना हुकूम मिळे की अमुक ठिकाणी सर्वांनी एकाच वेळी धडका द्या. सप्टेंबरमध्ये ब्रायन क्रेब्ज या अमेरिकन पत्रकाराचे संकेतस्थळ असे बुडविण्यात आले. महिनाअखेरीस मिराईच्या कर्त्यांनी त्याची सारी घडण जगजाहीर करून टाकली, आणि मग ज्याच्या हाती पडेल त्याने तो चालविला. २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीवर हल्ला झाला. कोणते संकेतस्थळ कोठे सापडेल हे सांगण्याचे काम ती कंपनी करीत असे. तो पत्तेवाटप बंद पडताच ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी नामांकित दुकाने अमेरिकेत तासन् तास सापडेनाशी झाली. नोव्हेंबरात जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. मूळ कर्ते कोण निघाले? तीन तरुण अमेरिकन. 'माइनक्राफ्ट' या खेळाच्या धंद्यातील चुरशीतून हे प्रकरण उभे राहिले होते. २०१७ साली त्यांनी गुन्हा कबूल केला.

आता दोषाचे पाहू. कॅमेरा विकणारे म्हणू लागले, गिऱ्हाईकाने पासवर्ड बदलावयास हवा होता. ऐकावयास हे रास्त वाटते. परंतु यांतील पुष्कळ यंत्रांत एक पासवर्ड पडद्यावर दिसे आणि दुसरा यंत्राच्या पोटात कायमचा कोरलेला असे. पडद्यावरचा बदलला तरी पोटातला तसाच राही. हांगझोऊ येथील ज्या कंपनीचे भाग अशा अनेक कॅमेऱ्यांत होते, तिने अमेरिकेत विकलेले काही कॅमेरे परत मागविले. पण ते भाग दुसऱ्यांच्या नावाच्या डब्यांत बसलेले. मालकाला तरी कसे कळावे की परत मागविलेले यंत्र ते आपलेच? आमच्याकडे हे कॅमेरे बसविणारी मुले नगावर मजुरी घेतात. शिडीवर चढावे, तार ओढावी, चित्र दिसले की पुढचे घर गाठावे. पासवर्ड बदलून देण्याचे पैसे त्यांना कोणी देत नाही.

कामगार चळवळीत ज्यांची उमर गेली त्यांना ही भाषा ओळखीची आहे. पट्ट्यात हात सापडला की मालक म्हणे, कामगार बेसावध होता. १८७५ साली मुंबईच्या गिरण्यांची चौकशी करण्यास कमिशन नेमले, तेव्हा त्याच्या बहुसंख्य सभासदांना कायदा नकोच होता. तरी १८८१ च्या कायद्याने धोक्याच्या यंत्राभोवती कठडा घालण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. त्या कायद्यात उणिवा पुष्कळ होत्या, लोखंड्यांना त्यापुढे बरेच झगडावे लागले. पण कठडा कोणी घालावयाचा हा प्रश्न त्या कलमापुरता सुटला.

येथेही शेवटी तेच घडले. कॅलिफोर्नियाने २०१८ साली केलेला कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. ब्रिटनने २०२२ साली केलेला कायदा २९ एप्रिल २०२४ पासून अमलात आला: सर्व नगांना एकच सोपा पासवर्ड घालून माल विकावयाचा नाही, दोष कळविण्यास पत्ता द्यावयाचा, आणि दुरुस्ती किती काळ पुरवू हे गिऱ्हाइकाला सांगावयाचे. भारत सरकारनेही २०२४ च्या एप्रिलात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षिततेच्या अटी जाहीर केल्या. ब्रिटिश कायद्यातील एक खोच मात्र ध्यानात घ्यावी. दुरुस्तीची मुदत सांगणे बंधनकारक आहे. ती अमुक इतकी लांब असलीच पाहिजे असे नाही.

पण जेथे कारखानदारच नाही तेथे कठडा कोणी घालावयाचा? बँकेशी आपले बोलणे कोणी ऐकू नये म्हणून ते गूढ लिपीत घालणारा ओपनएसएसएल नावाचा प्रोग्राम आहे. तो फुकट मिळतो आणि कोट्यवधींचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या तो वापरतात. ७ एप्रिल २०१४ रोजी त्यातील 'हार्टब्लीड' ही चूक जाहीर झाली. एक संगणक दुसऱ्याला विचारी, 'जागा आहेस ना? असशील तर हा शब्द परत पाठव, तो इतक्या अक्षरांचा आहे.' शब्द खरोखर तेवढा आहे की नाही हे दुसरा मोजून पाहत नसे. मग शब्द एक अक्षराचा धाडावा आणि आकडा ६४ हजारांचा सांगावा, की तो आपल्या स्मरणातले, शेजारी पडलेले पासवर्ड, किल्ल्या, जे असेल ते ओतून देई. कॅनडाच्या करखात्यातून या वाटेने सुमारे ९०० नागरिकांचे विमा क्रमांक चोरीस गेले.

ही चूक दोन वर्षे कोणाच्या नजरेस का आली नाही? कारण नजर ठेवावयास माणसेच नव्हती. या प्रोग्रामवर पूर्णवेळ राबणारा एकच माणूस होता आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर येत. जगाच्या तिजोरीवर एक पहारेकरी, आणि त्याचा पगारही वर्गणीतून! बोभाटा झाल्यावर बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी जमविला आणि काही माणसे पगारावर आली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या दुसऱ्या फुकट प्रोग्राममध्ये तसेच भगदाड सापडले. तो प्रोग्राम जगभरच्या कंपन्यांच्या यंत्रांत बसलेला होता. ते बुजविण्यासाठी ज्यांनी रात्री जागविल्या ते स्वयंसेवक होते. पोटापाण्याची नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ते हे काम करीत असत.