एका संगीतिकेचें सिंधुलंघन

एखादी नाट्यकृति स्वदेश सोडून परभूमीवर गेली म्हणजे तिचें कथानक कायम राहिलें तरी तिचा अर्थ कायम राहतोच असें नाहीं. अठराव्या शतकांतील फ्रेंच रंगभूमीच्या इतिहासांत याचें एक बोलकें उदाहरण सांपडतें.

रूसो हा तत्त्ववेत्ता म्हणून आपणांस परिचित आहे. परंतु तो संगीतरचनाकारही होता. ‘गांवचा ज्योतिषी’ ही त्याची छोटी संगीतिका १८ ऑक्टोबर १७५२ रोजीं फाँतेनब्लोच्या राजवाड्यांत पंधराव्या लुईसमोर झाली. पदें व संगीत हीं दोन्हीं त्याचींच. प्रियकर दुरावला म्हणून कोलेत ही ग्रामकन्या ज्योतिष्याकडे जाते आणि तो दोघांचीं मनें ओळखून समेट घडवून आणतो, एवढीच कथा. ज्योतिष्याच्या तोडग्यांत मंत्रसामर्थ्यापेक्षां व्यवहारचातुर्यच अधिक! दरबार या खेडवळ निरागसतेवर लुब्ध झाला. पुढच्याच वर्षीं पॅरिसमध्यें तिचें विडंबन निघालें व त्यांत नायिकेनें जाडेंभरडें वस्त्र आणि लांकडी जोडे घालून शेतकऱ्यांची बोली रंगभूमीवर आणली.

याच वाटेनें पुढें जाऊन क्लेमां नांवाच्या लेखकानें १७५८ मध्यें ही कथा अटलांटिकपलीकडे नेली. सँ-दोमँग, म्हणजे आजचें हैती, ही फ्रान्सची साखर पिकविणारी संपन्न वसाहत. तेथील काप-फ्रान्से नगरांत ‘जानो आणि तेरेझ’ या नांवानें ती अवतरली. पात्रें कृष्णवर्णी झालीं आणि मळ्यांतील गुलामांची क्रेओल भाषा बोलूं लागलीं. मात्र तीं सोंगें घेणारे नट गोरे, तोंडाला काळा रंग फांसलेले!

आतां ज्योतिष्याच्या भूमिकेकडे पाहावें. फ्रान्समध्यें तो निरुपद्रवी गंमतीचा विषय होता. पण काप-फ्रान्सेमध्यें त्याच १७५८ च्या जानेवारींत माकांदाल या पळून गेलेल्या गुलामास विषप्रयोग व जादूटोणा यांच्या आरोपावरून जाहीरपणें जिवंत जाळण्यांत आलें होतें. ज्या मांत्रिकाच्या भीतीनें मळेवाल्यांची झोंप उडाली होती, त्याच मांत्रिकास रंगभूमीवर प्रेमिकांचा हितकर्ता बनवून ते हंसत होते. भयास हास्याचा मुखवटा चढविण्याची ही युक्ति मोठी विचार करण्याजोगी आहे.

या रंगभूमीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वतंत्र कृष्णवर्णीयांस नाट्यगृहांत वेगळें बसावें लागे. तरीही १७८१ मध्यें मिनेत ही मिश्रवर्णी तरुणी पोर्तो-प्रँसच्या रंगमंचावर फ्रेंच संगीतिकेची नायिका म्हणून उभी राहिली व तिनें श्रोत्यांस जिंकलें. कलेनें एक दार किलकिलें केलें. परंतु वसाहतींतील सुमारें पांच लक्ष गुलामांच्या बेड्या त्यानें तुटल्या नाहींत. १७९१ च्या ऑगस्टमध्यें त्यांनीं बंड पुकारलें, १७९३ मध्यें काप-फ्रान्से जळालें, आणि १ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र झाला.

‘जानो आणि तेरेझ’ची संहिता मात्र टिकून राहिली. क्रेओलमधील आरंभींच्या मोठ्या लेखनांत आज तिची गणना होते. जी भाषा धन्यांनीं करमणुकीसाठीं उसनी घेतली, तिला १९८७ च्या राज्यघटनेनें फ्रेंचच्या बरोबरीनें हैतीची राजभाषा केलें. ज्यांची नक्कल झाली, अखेर तो शब्द त्यांचाच ठरला.