ट्रकची काच आणि छायाचित्राचे साल

पुण्यातल्या जुन्या घरांत, शाळांच्या कपाटांत लष्करी ट्रकची छायाचित्रे कधीकधी सापडतात. लष्कराच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय इथे, दारूगोळ्याचा कारखाना खडकीला. तेव्हा त्यात नवल नाही. समजा, अशा एखाद्या चित्रामागे ‘१९४२ ची चळवळ’ असे लिहिले आहे. हे साल तेव्हाच लिहिलेले की पुढे आठवणीतून? ट्रक पाहून हे सांगता येईल का?

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेले पुष्कळ ट्रक कॅनडात बनले होते. ब्रिटिश लष्कराच्या गरजेनुसार फोर्ड आणि शेव्हरोले या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनी एकाच नमुन्याचे चार लाखांहून अधिक ट्रक तयार केले. जहाजात जागा कमी लागावी म्हणून नाक आखूड. त्यामुळे दोघांचे चेहरे जुळ्या भावांसारखे! फरक पुढच्या जाळीत असतो. शेव्हरोलेच्या जाळीची भोके शंकरपाळ्याच्या आकाराची, फोर्डची चौकोनी.

सालासाठी मात्र काच पाहायची. १९४० व १९४१ च्या केबिनची (क्रमांक ११ व १२) समोरची काच सरळ उभी होती. साधारण १९४२ पासूनच्या १३ क्रमांकाच्या केबिनमध्ये तीच काच वरच्या कडेला पुढे झुकली. काच अशी जमिनीकडे कललेली असली, की तिच्यावरून परावर्तित होणारे ऊन बरेचसे खाली जाते आणि वरच्या वैमानिकाला ट्रकची चमक सहसा दिसत नाही.

आता आकार. नावातला आकडा भारक्षमतेचा: ‘एफ १५’ पाऊण टनी, ‘एफ ६०’ तीन टनी. तीन टनीतही दोन प्रकार होते. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर एकात १३४ इंच, दुसऱ्यात १५८. चित्रात इंच कुठून आणायचे? ते अंतर चाकाच्या व्यासाच्या पटीत मोजायचे. ट्रक तिरपा उभा असेल तर चाक लंबवर्तुळाकार दिसते. अशा वेळी चाकाची उंची न घेता आडवी रुंदी घ्यावी. कारण तिरपेपणामुळे ती आणि चाकांमधले अंतर जवळपास सारख्याच प्रमाणात आखडतात. वर्गात खेळण्यातली मोटार फिरवून हे सहज दाखवता येते.

तर, झुकलेल्या काचेच्या ट्रकमागे ‘१९४०’ लिहिले असेल, तर ते साल खोटे. उभ्या काचेमागे ‘१९४२’ असेल, तर शक्य आहे. सिद्ध मात्र होत नाही. ट्रकचा पुरावा एकतर्फी असतो: ‘याच्या आधी नाही’ एवढेच तो सांगतो. युद्ध संपल्यावर हे ट्रक लगेच भंगारात गेले नव्हते. १९५९ साली जबलपूरला ‘शक्तिमान’ बनू लागल्यावरच जुन्यांची हळूहळू सुटी झाली. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर मदतीला आलेल्या जवानांचे चित्रही नातवंडांच्या हाती ‘बेचाळीसचे’ होऊ शकते. मग ट्रक सोडून मागच्या दुकानाची पाटी वाचावी. तिच्यावर भाव ‘नये पैशां’त असेल, तर चित्र १ एप्रिल १९५७ च्या आधीचे नाही.